ब्रॅझस बेंडला पहिल्यांदा जाताय? मग आधी हे वाचा

ह्यूस्टनला नवीन आलं की नासा होतं, मीनाक्षी मंदिर होतं, आणि मग कोणीतरी सांगतंच, "अरे ते मगरींचं पार्क बघितलं का?" तेच हे, ब्रॅझस बेंड स्टेट पार्क. स्पेलिंग बघून आपण ब्राझोस वाचतो, इथले लोक ब्रॅझस म्हणतात. जवळपास ५००० एकर जंगल, तळी, दलदल, आणि १९८४ पासून लोकांसाठी उघडं आहे.

आम्ही पहिल्यांदा गेलो ते जुलै महिन्यात, शनिवारी दुपारी साडेबाराला. पाच कुटुंबं, चार गाड्या, एक ब्लूटूथ स्पीकर आणि पिशव्याच पिशव्या. दिसलं काय, तर लांब पाण्यात एक काळा ओंडका, जो कदाचित मगर होता, आणि डास. पोरं वैतागली, मी सँडल घालून लाल मुंग्यांच्या वारुळावर उभा राहिलो, तासाभरात सगळे गाडीत एसी लावून बसलो. "काही नाही तिथे" असं मी पुढं वर्षभर सगळ्यांना सांगत होतो.

मग बाबा आले सांगलीहून. एप्रिलमधला मंगळवार, सकाळी लवकर, आम्ही दोघंच. चार तासांत तीन मैलसुद्धा चाललो नसू, पण जे बघितलं ते त्या पाच कुटुंबांना सांगितलं तर खोटं वाटतं. पार्क तेच होतं, आमची जायची पद्धत चुकली होती. तर ती पद्धत सांगतो.

१. महिना आणि वार आधी ठरवा

सगळ्यात चांगला काळ म्हणजे फेब्रुवारी अखेर ते मे, आणि मग ऑक्टोबर-नोव्हेंबर. गेटर (म्हणजे अ‍ॅलिगेटर, इथली मगर) थंड रक्ताचा, त्यामुळे पारा ५५ फॅरनहाइटच्या खाली गेला की तो सुस्त पडतो, दिसत नाही. पण थंडीच्या लाटेनंतर लख्ख ऊन पडलं की सगळे काठावर येऊन ऊन खात पडतात, तो दिवस मिळाला तर सोडू नका. जून ते सप्टेंबर जायचंच असेल तर सकाळी जा आणि दहापर्यंत बाहेर पडा. पस्तीस सेल्सिअसच्या वर ऊन आणि मुंबईसारखा दमटपणा, आईबाबांना घेऊन तर नकोच.

वार शक्यतो आठवड्यातला. एक दिवस सुट्टी टाका. शनिवार-रविवार आणि विशेषतः मार्चमधली स्प्रिंग ब्रेकची सुट्टी टाळा, तेव्हा शांतता वगैरे काही नसते, पार्किंगच शोधत बसाल.

२. पास घरूनच बुक करा

इथे बहुतेक नवीन लोक फसतात. आपल्याला वाटतं गेटवर जाऊ, पैसे देऊ, आत जाऊ. पण पार्कची रोजची माणसांची मर्यादा असते आणि ती भरली की गेटवरून परत पाठवतात. मी स्वतः एकदा तासभर गाडी चालवून परत आलोय, चूक माझीच होती. टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफच्या वेबसाइटवर "डे पास" म्हणून असतो, तो महिनाभर आधीपासून घेता येतो.

मी हे लिहितोय तेव्हा मोठ्या माणसाला दिवसाचे ७ डॉलर आहेत, १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना फुकट. वर्षाचा टेक्सास स्टेट पार्क्स पास ७० डॉलरला मिळतो आणि त्यात पासवाल्याबरोबर त्याच गाडीतले सगळे येतात, शिवाय राज्यातल्या सगळ्या स्टेट पार्कांना चालतो. आम्ही दोघं आणि आईबाबा असे चौघं धरले तर एका खेपेला २८ डॉलर, म्हणजे तिसऱ्या खेपेलाच पास वसूल. पण वर्षाचा पास असला तरी त्या दिवसाचं बुकिंग करून ठेवाच, पैसे लागत नाहीत इतकंच. हे माहीत नसलेले लोक पास हातात धरून गेटवर वाद घालताना मी बघितलेत.

अजून एक, निघायच्या आदल्या रात्री वेबसाइटवरच्या सूचना बघा. ब्रॅझस नदीला पूर आला की पार्क बंद होतं (२०१७ च्या हार्वे वादळात तर बराच काळ बंद होतं), आणि टेक्सासच्या बऱ्याच पार्कांत हिवाळ्यात काही ठरलेले दिवस शिकारीसाठी राखून बाकीच्यांना बंद ठेवतात.

३. बरोबर काय घ्यायचं

– बुकिंगचा मेल, फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून (आत रेंजचा भरवसा धरू नका)
– फोटो आयडी, वर्षाचा पास असेल तर तो
– पार्कचा नकाशा, आधीच डाउनलोड करून
– माणशी किमान दोन लिटर पाणी
– डासांचा स्प्रे, हा विसरलात तर बाकीची यादी वाचायची गरज नाही
– बंद बूट, लांब पातळ पँट, लांब मोजे
– टोपी, सनस्क्रीन
– दुर्बीण, ८ बाय ४२ ची असेल तर उत्तम, नसेल तर कोणाकडून तरी मागून आणा
– फोनवर मर्लिन नावाचं पक्षी ओळखायचं फुकट अ‍ॅप, आवाज ऐकून पक्षी कोणता ते सांगतं
– खायला डब्यात. मुद्दाम डब्यात म्हणतोय. चिवड्याच्या प्लॅस्टिकच्या पिशवीचा चुरचुर आवाज शांत जंगलात किती लांब जातो ते तिथे गेल्यावर कळतं. आमच्या समोरचं हरीण त्या आवाजानेच गेलं.

दारू नेऊ नका, टेक्सासच्या स्टेट पार्कांत उघड्यावर प्यायला बंदी आहे. ड्रोनही घरीच ठेवा. पोहायचे कपडे घ्यायचा प्रश्न नाही, पाण्यात कोण राहतं ते माहीत आहे.

४. पोचायचं कसं आणि कधी

ह्यूस्टन डाउनटाउनपासून साधारण तास लागतो, शुगरलँड या उपनगराहून बराच कमी. शेवटचा रस्ता एफएम ७६२. ही एफएम भानगड मला सुरुवातीला रेडिओसारखी वाटायची, ते फार्म टू मार्केट, म्हणजे शेतमाल बाजारात न्यायचे रस्ते. दोन पदरी आहे, कडेला हरणं असतात, तेव्हा पहाटे सावकाश चालवा. पेट्रोल आणि कॉफी मोठ्या रस्त्यावरच घ्या.

गेट उघडतं त्याच वेळेला हजर राहा. पहिला दीड तास हा सगळ्या दिवसाचा अर्क आहे. गेटपासून आतल्या रस्त्यावर काच खाली करून हळू जा, आम्हाला पहिली हरणं तिथेच दिसली, सहा-सात, स्पॅनिश मॉस लोंबणाऱ्या मोठ्या ओक झाडांखाली. मॉस म्हणजे जटाच, आख्खं झाड साधूसारखं दिसतं.

५. कुठून चालायचं

पार्कात बऱ्याच वाटा आहेत पण पहिल्या खेपेला डोकं लावू नका. ४०-एकर लेकच्या पार्किंगला गाडी लावा. तळ्याभोवतीची वाट १.२ मैल, पूर्ण सपाट. पलीकडच्या बाजूला उंच टॉवर आहे, वरून दलदल पसरलेली दिसते. तिथूनच स्पिलवे ट्रेल निघते, अर्ध्या मैलात ती एल्म लेकला पोचवते, आणि एल्म लेकची फेरी १.७ मैल. सगळं केलं तर चार मैलांच्या आसपास होतं. पण सगळं करायचं नाहीये, हे मी पुढं सांगतोच.

आईबाबांचे गुडघे दुखत असतील किंवा बाबागाडी असेल तर नेचर सेंटरजवळची क्रीकफील्ड लेक ट्रेल घ्या, अर्धा मैल, पक्की वाट, व्हीलचेअरसुद्धा जाते. नेचर सेंटरमध्ये काचेच्या पेटीत साप वगैरे ठेवलेत, पोरं खूष.

६. गप्प कसं राहायचं

हे लिहायला सोपं आणि करायला अवघड, विशेषतः आपल्याला. आपण फिरायला जातो म्हणजे गप्पा मारायलाच जातो ना.

माणसं दोन किंवा तीन, चारच्या वर नको. मोठा ग्रुप असेल तर वेगवेगळ्या वाटेने जा आणि जेवायला भेटा. फोन सायलेंट. सांगलीला व्हिडिओ कॉल लावून "बघ बघ काकू मगर बघ" हे स्पीकरवर करू नका, मी केलंय, काकूला काही दिसलं नाही आणि समोरचा बगळा उडाला. आईच्या बांगड्यांवर हातरुमाल बांधा, हसू नका, खरंच फरक पडतो.

मग चालायचं कसं, तर वीस पावलं चाला आणि थांबा. थांबलं की आधी ऐका, नंतर बघा. एल्म लेकच्या काठाला पाण्यावर लाकडी धक्के आहेत, बाकं आहेत, तिथे एका जागी वीस मिनिटं बसा, घड्याळ लावून. पहिली पाच मिनिटं काहीच होत नाही, आपण उगाच वेळ घालवतोय असं वाटतं. दहाव्या मिनिटाला पाणकोंबड्या लव्हाळ्यातून बाहेर येतात, त्यानंतर कासवं एकेक करून ओंडक्यावर चढतात. आपण आल्याची वर्दी गेलेली असते, ती विसरली जायला तेवढा वेळ लागतो.

त्या मंगळवारी आम्ही असेच बसलो होतो. मागे पाल्यात खसखस झाली. मला वाटलं साप, मी उठणार तेवढ्यात बाबांनी माझा हात दाबून ठेवला. पाल्यातून नाक खुपसत, फुसफुसत एक आर्मडिलो, पाठीवर चिलखत असलेला छोटा प्राणी, आला, सरळ आमच्या बुटांपासून चार हातांवर. त्याला दिसतं फार कमी, वासावर आणि आवाजावर चालतो, त्यामुळे आपण हललो नाही तर त्याच्या लेखी आपण झाडच. "खवल्या मांजर!" बाबा पुटपुटले. तसा नाही तो, दोघांचं नातं काही नाही, पण कोकणात खवल्या मांजर बघायला लोकांचा जन्म जातो आणि इथे हा बुटाशी खेळतोय म्हणजे त्यांना काही पटतच नव्हतं. मी मोबाइल काढला, पँटच्या चेनचा आवाज झाला, आर्मडिलो जागच्या जागी फूटभर उंच उडाला आणि गेला. बाबा दिवसभर मला त्या चेनवरून बोलत होते.

७. मगरीशी कसं वागायचं

हे गंमत म्हणून वाचू नका. वाटा तळ्याच्या काठाने जातात, मध्ये कुंपण नाही, आणि गेटर कधी कधी वाटेवरच पडलेला असतो. नियम असे:

३० फूट लांब राहा, कमीत कमी. दोन मोठ्या गाड्यांच्या लांबीएवढं धरा.

फुस्स असा आवाज केला म्हणजे तुम्ही फार जवळ आलात. वाद न घालता हळूहळू मागे व्हा. वाटेवर आडवा असेल तर मागे फिरा, फांदी वगैरे टाकून त्याला उठवायला जाऊ नका, तिथे वाट त्याची आहे.

लहान मुलं आणि कुत्रा पाण्याच्या कडेला नको. मुलं वाटेच्या आतल्या बाजूने चालवा आणि हात धरा. कुत्र्याला ६ फुटांच्या पट्ट्यातच परवानगी आहे, पण खरं सांगू का, आणूच नका.

छोटी पिवळ्या पट्ट्यांची पिल्लं दिसली तर "किती गोड" म्हणून वाकू नका, आई तिथेच असते. जून-जुलैत मादी गवत आणि चिखलाचा ढीग करून अंडी घालते, ऑगस्ट अखेरीपासून पिल्लं बाहेर येतात, त्या दिवसांत जास्त सांभाळून.

आणि खायला घालायचं नाही. गेटरला तर कायद्यानेच गुन्हा आहे, दंड होतो, पण बदकांनाही नाही. आपल्या आयांना पोळीचा तुकडा टाकल्याशिवाय राहवत नाही, माझ्या आईने पर्समधून काढलाच होता. तिला सांगितलं की माणसाकडून खायला मिळायची सवय लागलेली मगर माणसाकडे यायला लागते आणि मग तिला मारावं लागतं, तेव्हा मुकाट्याने परत ठेवला. फूल तोडायचं नाही, देवासाठी म्हणून सुद्धा.

आता भीती घातली तर थोडी मजाही सांगतो. पाण्यात फक्त डोळे आणि नाकपुड्या दिसतात ना, त्या दोन्हींमधलं अंतर जितके इंच तितके फूट मगर लांब, असा ढोबळ हिशोब आहे. दुर्बिणीतून बघून मुलांना अंदाज करायला लावा. बाबा कृष्णाकाठचे, भिलवडी-औदुंबरकडच्या मगरी लहानपणापासून बघितलेल्या, त्यांनी टॉवरवरून एक ओंडका हेरला आणि म्हणाले, "अरे तो ओंडका नाही, डोळे बघ." दहा इंच तरी असतील. आपली मगर आणि हा गेटर यातला फरक त्यांनीच शोधला, आपल्या मगरीचे खालचे दात तोंड मिटलं तरी बाहेर दिसतात, ह्याचे वरच्या जबड्याच्या आत जातात.

एप्रिल-मेमध्ये सकाळी नशीब असेल तर नर घुमताना ऐकू येतो. आधी त्याच्या पाठीवरचं पाणी थेंबाथेंबाने नाचायला लागतं, तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं, कारण सुरुवातीचा आवाज इतका खालच्या पट्टीतला असतो की आपल्या कानाला येतच नाही. मग घुमणं येतं, आणि एक घुमला की तळ्याच्या पलीकडून दुसरा, मग तिसरा. मी फोनवर रेकॉर्ड केलं, त्यात नुसती घरघर आहे, मोटारसायकल सुरू न झाल्यासारखी. तिथे उभं असताना मात्र छातीत जाणवत होतं.

हाच प्राणी १९६७ मध्ये अमेरिकेच्या धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत होता, १९८७ मध्ये सावरला म्हणून यादीतून काढला.

८. पक्षी कोणते आणि काय म्हणून ओळखायचे

गुलाबी मोठा पक्षी दिसला की आपला प्रत्येक माणूस "फ्लेमिंगो!" ओरडतो. फ्लेमिंगो नाही तो, चोच बघा, पुढं चमच्यासारखी चपटी. रोझिएट स्पूनबिल, आपल्या पांढऱ्या चमचा पक्ष्याचा गुलाबी चुलत भाऊ. पाण्यात चोच डावीकडे-उजवीकडे फिरवत चालतो, ताक घुसळल्यासारखा.

पंख पसरून वाळवत बसलेला लांब मानेचा काळा म्हणजे अनहिंगा, आपला तिरंदाज किंवा सापमान्या ओळखत असाल तर हा तोच प्रकार. जांभळट निळा, पिवळ्या लांब पायांनी कमळाच्या पानांवरून चालणारा पर्पल गॅलिन्यूल, बाबा लगेच म्हणाले जांभळी पाणकोंबडी, जवळजवळ बरोबर. हा उन्हाळ्यातच येतो. लाल चोचीची बदकं शीळ घालत झाडावर बसलेली दिसतील, बदक झाडावर बघून दचकू नका, ती व्हिसलिंग डक, आपल्या अडईच्या घराण्यातली. राखाडी निळा उंच बगळा ग्रेट ब्लू हेरॉन, तो पुतळ्यासारखा दहा मिनिटं उभा राहतो आणि एका झटक्यात मासा उचलतो. त्याच्यासमोर बसायला मिळालं तर बसा. हिवाळ्यात गेलात तर कुंपणाच्या तारेवर लालभडक चिमणीएवढा व्हर्मिलियन फ्लायकॅचर शोधा.

बाकी रानडुकरं, रॅकून, क्वचित पाणमांजर, हे सगळं नशिबावर. पाणमांजर मला अजून दिसलेलं नाही, चार खेपा झाल्या.

९. बाकीचे त्रास

मुंग्या. वाटेकडेला मऊ मातीचा ढीग दिसला की त्यावर उभं राहायचं नाही, फोटोसाठी तर नाहीच. चावल्यावर पुटकुळ्या येतात आणि आठवडाभर खाजतात.

पॉयझन आयव्ही म्हणजे तीन-तीन पानांची वेल, सगळीकडे आहे, हात लावू नका. वाट सोडून गवतात शिरायचं नाही, त्यात साप (पाण्याकडेचा कॉटनमाउथ विषारी आहे), गोचिडी आणि चिगर नावाचे डोळ्याला न दिसणारे किडे. उन्हाळा संपता संपता वाटेवर तोंडाच्या उंचीला मोठी पिवळी कोळीण जाळं विणून बसते, माणसाला धोक्याची नाही पण पहाटे पहिलं जाणाऱ्याच्या तोंडावर ते जाळं येतं. मी बाबांना पुढं ठेवतो, त्यांना अजून कळलेलं नाही.

१०. निघताना

साडेदहा-अकराला ऊन वाढलं, गर्दी आली की निघा, हळहळ नको. पार्किंगजवळ टेबलं आहेत, डबा तिथे खा, कचरा झाकणाच्या डब्यातच टाका. शनिवारी रात्री थांबायचं असेल तर पार्कातच जॉर्ज ऑब्झर्व्हेटरी आहे, मोठ्या दुर्बिणीतून आकाश दाखवतात, त्याचं तिकीट वेगळं घ्यावं लागतं.

गाडीत बसायच्या आधी सगळ्यांच्या गोचिडी तपासा, मोज्यांची इलास्टिक, गुडघ्यामागे, मानेजवळ, कानामागे. घरी गेल्यावर कपडे सरळ मशिनमध्ये आणि मग गरम ड्रायरमध्ये. आणि टोप्या आतून उलट्या करून बघा, आमची गोचीड बाबांच्या टोपीत बसून शुगरलँडपर्यंत आली होती.